पाइप स्वस्त चालेल, घाई चालणार नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

थंड हवेच्या ठिकाणी फिरायला गेलेली माणसे परतताना चिक्की, चपला आणि काठ्यांबरोबर कधी कधी एखादा लाकडी पाइपही घेऊन येतात. पितळी फुले ठोकलेला, आरशासारखा चकाकणारा तो पाइप हातात घेतला की मोह होतो आणि किंमतही परवडते. घरी आणून पेटवला की मात्र वार्निश उकळल्याचा वास येतो, जीभ पोळते, पाच मिनिटांत तंबाखू भरायची वाटी हातात धरवत नाही. चार दिवसांनी पाइप शोकेसमध्ये जाऊन बसतो आणि घेणाऱ्याचे मत कायमचे बनते, की हा बड्यांचा शौक आहे, स्वस्तातल्या पाइपात काही राम नाही.

हे मत आम्हाला पटत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच. स्वस्तातला पाइप उत्तम चालतो. त्याचा विचका होतो तो दोनच गोष्टींनी, नको तिथे साचलेले पाणी आणि ओढणाऱ्याची घाई. खाली जे लिहिले आहे ते फिरून फिरून याच दोन गोष्टींवर येईल.

आधी एक सरळ सांगितले पाहिजे. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. ओठ, जीभ, घसा यांचा कर्करोग पाइपनेही होतो. ज्याला तंबाखूची सवय नाही त्याने ती लावून घेऊ नये. १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहेच. जे प्रौढ आधीपासून ओढतात आणि पाइपकडे वळले आहेत, त्यांच्यासाठी पुढचा मजकूर आहे.

पहिला पाइप घ्यावा तो मक्याच्या बुरकुंडाचा. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे ऐकून नवल वाटेल, कारण दाणे सोलले की बुरकुंड चुलीत जाते. पण अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या वॉशिंग्टन या गावात १८६९ पासून असे पाइप बनतात. हेन्री टिबी नावाच्या लाकूड कातणाऱ्या कारागिराने ते लेथवर कातायला सुरुवात केली आणि बुरकुंडाच्या बाहेरच्या खाचा प्लास्टर ऑफ पॅरिसने भरून गुळगुळीत करण्याच्या पद्धतीचे पेटंट १८७८ मध्ये घेतले. तिथे त्यासाठी जाड आणि कठीण बुरकुंडाचा मका मुद्दाम पिकवतात आणि बुरकुंड दीर्घकाळ वाळवून मगच कातायला घेतात. आपल्या शेतातले बुरकुंड कोरून पाहण्याची हौस कोणाला झालीच, तर आधीच सांगतो, आतले मऊ भेंड काढल्यावर बाजूची भिंत फार पातळ उरते आणि दोन-चार वेळांत जळून भोक पडते.

बुरकुंडाच्या पाइपचा मोठा गुण असा, की तो ओल शोषतो आणि पहिल्या दिवसापासून धूर कोरडा देतो. लाकडी पाइपसारखा त्याला मुरवावा लागत नाही. एक खोड मात्र त्याच्यात आहे. पुष्कळशा पाइपांत वाटीला जोडलेल्या दांड्याचे लाकडी टोक वाटीच्या आत थोडे पुढे आलेले असते. पहिल्या पाच-सहा वेळा ते टोक जळते, तेव्हा शेवटी शेवटी लाकूड जळाल्याची चव येते. पाइप खराब निघाला असे समजून लोक तो फेकतात. त्या दिवसांत वाटीच्या तळाशी पोहोचायच्या आत थांबावे, टोक काळे पडून बसले की चव जाते. काहीजण बारीक चाळलेली राख पाण्यात कालवून तळाशी त्या टोकाभोवती लिंपतात आणि दोन दिवस वाळू देतात. तेही चांगले. बुरकुंड आतून खरवडायचे मात्र कधीही नाही, आणि पाण्याखाली धरायचे तर अजिबात नाही.

दुसरा पाइप ब्रायरचा घ्यावा. ब्रायर म्हणजे एरिका आर्बोरिया या भूमध्य समुद्राच्या काठच्या झुडपाची गाठ, खोड आणि मुळे जिथे मिळतात तिथे धरलेली. ती तासन्‌तास उकळून आतला रस काढतात, मग महिनोन्‌महिने वाळवतात. विस्तवाला टिकणारे, ओल शोषणारे आणि वजनाला हलके असे हे लाकूड आहे. फ्रान्समधल्या सेंट-क्लोद या गावी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून याचे पाइप बनू लागले आणि मातीचे पाइप मागे पडले. आपला शिसव कठीण खरा, फर्निचरला त्याला तोड नाही, पण त्यातली तेलकट द्रव्ये तापली की कडवट वास सोडतात. त्यावर आतून-बाहेरून वार्निश चढवले आणि वाटीत पितळेची कडी बसवली की पाइपचा तवाच होतो.

स्वस्तातला ब्रायर निवडताना गुळगुळीत, लखलखीत नग बाजूला ठेवून खडबडीत कोरलेला किंवा वाळूच्या माऱ्याने खरखरीत केलेला नग मागावा. लाकूड तेच असते. ज्या गाठीवर बारीक खड्डे निघाले तिचा पृष्ठभाग कोरून टाकतात, म्हणून भाव उतरतो. त्याच खड्ड्यांत पुट्टी भरून वर गडद रंग मारलेला गुळगुळीत नग दुकानात जास्त देखणा दिसतो, पण तापल्यावर पुट्टीचे ठिपके उघडे पडतात.

दुकानात पाइप हातात आला की तो कुठल्या नावाचा आहे हे नंतर पाहा. आधी वाटीत डोकावा. धूर ओढला जाण्याचे भोक वाटीच्या अगदी तळाला, मधोमध उघडलेले असले पाहिजे. ते तीन-चार मिलिमीटर वर असेल तर त्याखालचा तंबाखू कधीच जळत नाही, तिथे ओला काळा गाळ साचतो आणि प्रत्येक झुरक्याला गुरगुर ऐकू येते. हा दोष घरी दुरुस्त होत नाही. मग तोंडात धरायच्या नळीच्या टोकातून पाइप क्लीनर, म्हणजे सुती धागे पिळलेली बारीक तार, घाला. तो न अडखळता वाटीत निघाला पाहिजे. वाकड्या पाइपात तो बरेचदा दांड्यात अडतो, म्हणून पहिला पाइप सरळ किंवा किंचित वाकलेला बरा. नळी आणि दांडा जिथे मिळतात तिथे उजेडासमोर धरून फट दिसते का बघा. शेवटी पांढऱ्या कापडाचा बोळा ओला करून वाटीच्या आत चोळा. बोटाला चिकटपणा लागला किंवा आत चकाकी दिसली, तर पाइप दुकानदाराला परत द्या. आतले लाकूड कोरडे, उघडे हवे. काहींत आधीच काळा लेप देतात, तो चालतो. मापे सांगायची तर वाटीचा आतला व्यास १८ ते २० मिलिमीटर, खोली साधारण ३५ मिलिमीटर आणि भिंत कुठेही ६ मिलिमीटरपेक्षा पातळ नको. वजन ४५ ग्रॅमच्या आत असले की दातांना त्रास होत नाही.

सातारा जिल्ह्यात आणखी एक वाट आहे, ती कोणी लक्षात घेत नाही. इथे लष्करातून निवृत्त झालेल्यांची घरे गावोगाव आहेत. आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एखादा जुना ब्रायर निघाला तर त्याला भंगारात घालू नका. नळी हिरवट-तपकिरी पडलेली असेल तर ती एबोनाइटची आहे, जुन्या फाउंटन पेनांची असते तीच वस्तू. उन्हाने आणि हवेने तिचा रंग उतरतो. १००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हळूहळू घासा, मग २००० नंबरचा, शेवटी कापडाला टूथपेस्ट लावून. काळा रंग परत येतो. नळीवर दातांनी पडलेले खड्डे बुजत नाहीत, पण ते वरवरचेच असतील तर ओढायला अडचण नाही. वाटीत कोळशाचा जाड थर असेल तर तो बोथट चाकूने गोल फिरवत कमी करावा. सुमारे एक मिलिमीटर ठेवावा. हा थर लाकडाला विस्तवापासून वाचवतो म्हणून तो पार काढायचा नाही, आणि वाढूही द्यायचा नाही, कारण तापल्यावर कोळसा आणि लाकूड सारखे फुगत नाहीत आणि जाड थर वाटीला तडा देतो.

अशा जुन्या पाइपाचा वास घालवायला वाटीत कापूस कोंबून त्यावर तीव्र दारूचे थेंब कापूस भिजेपर्यंत सोडावेत. नळी काढून दांड्यात पाइप क्लीनर घालून ठेवावा. रात्रभरात कापूस तपकिरी होतो. फेकून पुन्हा करावे. मग आठवडाभर वाळू द्यावा. इथे एक इशारा फार महत्त्वाचा आहे. सुताराकडचे पॉलिशचे स्पिरिट यासाठी वापरू नका. त्यात मिथेनॉल असू शकते, ते विष आहे, आणि ही वस्तू तोंडात जाणार आहे. सॅनिटायझरही नको.

आता तंबाखू. सांगली-मिरजेकडे निपाणीचा विडीचा तंबाखू सहज मिळतो, म्हणून लोक तोच पाइपात भरतात. तो विडीसाठी आहे. उन्हात कडक वाळलेला, जाडसर चुऱ्याचा, अत्यंत जोरकस. विडीत चिमूटभर जातो, पाइपात दोन-तीन ग्रॅम, आणि दहाव्या मिनिटाला घाम फुटून पोटात ढवळते. सिगारेटमधला तंबाखू काढून भरणेही तितकेच वाईट. तो इतका बारीक चिरलेला असतो की भुसा पेटावा तसा पेटतो. पाइपचाच म्हणून जाड चिरलेला तंबाखू घ्यावा. व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूत साखर जास्त, चव गोड, पण भरभर ओढला तर जीभ सोलून काढतो. बर्ली जातीत साखर फारच कमी, जिभेला तो सोसतो, नवशिक्याने बर्लीपासून सुरुवात करावी. लाटाकिया धुरावर वाळवलेला असतो, त्याचा वास चुलीपाशी टांगलेल्या घोंगडीसारखा, कोणाला आवडतो, कोणाला सहन होत नाही. व्हॅनिला, चेरी असे वास लावलेला तंबाखू शेजारच्यांना गोड वाटतो, पण त्यात ओल धरून ठेवणारी द्रव्ये घालतात, आणि ती ओल वाफ होऊन जिभेवर येते. जीभ पोळण्याची निम्मी कारणे तिथेच असतात.

पन्नास ग्रॅमच्या पुड्यात सतरा ते पंचवीस वाट्या भरतात. पुडा फोडल्यावर तंबाखू तसाच भरू नका. एका वाटीपुरता काढून कागदावर पसरा, पंख्याखाली नव्हे, नुसता. वीस मिनिटांनी चिमटीत दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर ओला आहे. कुरकुरला तर फार कोरडा. दाबल्यावर हळूच उमलला की तयार. वड्यांच्या रूपातला तंबाखू असेल तर तळहातावर मळावा, चुना न लावता, इतकाच फरक.

भरताना तीन वेळा भरावा. पहिल्यांदा तंबाखू वाटीत काठोकाठ नुसता सांडू द्यावा, दांड्यावर टिचकी मारून बसवावा आणि बोटाने अर्ध्यापर्यंत अगदी अलगद दाबावा. पुन्हा काठापर्यंत भरून, किंचित जास्त दाब देऊन पाऊण वाटीपर्यंत. तिसऱ्यांदा वर शीग येईल इतका घालून काठाच्या दोन-तीन मिलिमीटर खाली बसवावा. मग न पेटवता ओढून पाहावे. नळीने उसाचा रस पिताना जेवढा जोर लागतो तेवढाच लागला पाहिजे. हवा भसाभस आली तर सैल झाला, विस्तव धरणार नाही. गाल आत गेले तर घट्ट झाला. घट्ट झालेला टोचून टोचून सैल होत नाही. सरळ ओतून पुन्हा भरावा. इथे आळस केला की पुढच्या पाऊण तासात काडेपेटी संपते.

काडी पेटल्यावर डोक्यावरचा गंधक जळून जाऊ द्या, मग ज्योत तंबाखूच्या वर गोल फिरवत लहान लहान झुरके घ्या. लाकडाच्या काठाला ज्योत लागता कामा नये, काळे काठ याच चुकीची खूण. तंबाखू फुगून वर येतो आणि बहुधा विझतो. विझू द्या. ही पहिली काडी फक्त वरचा थर काळा करण्यासाठी असते. आता राख सपाट दाबा. यासाठी विकतच्या दट्ट्याची गरज नाही, चपट्या डोक्याचा तीन इंची खिळा घेऊन त्याचे टोक कानशीने बोथट करा, आयुष्यभर पुरतो. त्यानंतरची दुसरी काडी खरी.

आता घाईचा भाग. चिलीम ओढणाऱ्याला आपल्याकडे दमदार झुरका मारायची सवय असते. खाली ओल्या फडक्याची छापी आणि आत खडा असल्याने चिलमीत धूर थोडा तरी निवतो. पाइपात ती सोय नाही. पाइपचा झुरका गरम चहाच्या घोटासारखा, ओठाने चाखायचा. तोंडात धूर येतो, क्षणभर राहतो, बाहेर जातो. छातीत घ्यायचा नाही, कारण पाइपच्या धुरातले निकोटिन तोंडाच्या त्वचेतूनच रक्तात जाते, गिळण्याची गरज नसते. मिनिटाला दोन-तीन घोट पुरे. वाटी गालाला लावून पाहा. ऊबदार वाटली तर ठीक. गाल मागे घ्यावासा वाटला तर पाइप खाली ठेवा, विझला तर विझू द्या. विझणे हा दोष आहे असे समजून लोक भरभर ओढतात आणि तिथेच पाइप जळतो, जीभही जळते. विझलेला पाइप राख हलकीच दाबून पुन्हा पेटवावा, चारदा पेटवला तरी लाज नाही. एक वाटी तीस ते पंचेचाळीस मिनिटे चालली पाहिजे. पंधरा मिनिटांत संपत असेल तर वेग दुप्पट आहे.

गुरगुर ऐकू आली की ओढणे थांबवून पाइप क्लीनर नळीतून वाटीच्या तळापर्यंत घालावा, दहा सेकंद ठेवावा, ओला होऊन येतो. स्टेशनरीच्या दुकानात मुलांच्या हस्तकलेसाठी मिळणारे रंगीत क्लीनर दिसायला तसेच, पण ते प्लॅस्टिकच्या धाग्यांचे असतात. पाणी शोषत नाहीत आणि आत केस सोडतात. सुती घ्या. चक्कर, मळमळ वाटली तर त्या क्षणी पाइप ठेवावा, बसावे, पाणी प्यावे. वाटी पूर्ण ओढलीच पाहिजे असा नियम नाही.

संपल्यावर नळी लगेच उपटू नका. तापलेल्या, ओल धरलेल्या दांड्यात ती घट्ट आवळलेली असते, तिथेच मोडते. मोडलेला तुकडा आत अडकला तर पाइप गेलाच. अर्धा तास निवू द्या, मग पिळत काढा, क्लीनर फिरवा, वाटी कागदाच्या बोळ्याने पुसा आणि तोंड खाली करून ठेवा. एक दिवस विश्रांती द्यावी. म्हणून दोन हजार रुपये खर्चायची तयारी असेल तर एका पाइपवर घालण्यापेक्षा दोन साधे घ्यावेत.

पावसाळा हा आपल्या जिल्ह्यातला वेगळाच प्रश्न. साताऱ्यात, आणि घाटमाथ्यावर तर फारच, जून ते सप्टेंबर काहीही वाळत नाही. त्या महिन्यांत वीस मिनिटांच्या जागी तास-दीड तास तंबाखू पसरावा लागतो, आणि पाइपला दोन दिवसांची सुट्टी लागते. बंद कपाटात ठेवलेल्या पाइपाच्या वाटीत पांढरी लव दिसली तर ती बुरशी. लाकडी असेल तर दारूत भिजवलेल्या कापसाने वरीलप्रमाणे साफ करावा, बुरकुंडाचा असेल तर टाकून द्यावा. तंबाखूवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू आणि कुबट वास आला तर पुडाच फेकावा, वरवरचे काढून उरलेला ओढू नये. रबरी कडीच्या काचेच्या बरणीत ठेवला तर ही वेळ येत नाही. स्टीलचा डबा हवाबंद नसतो. उलट सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये तंबाखू खडखडीत वाळतो. लोक त्यात बटाट्याची फोड टाकतात, आणि दोन दिवसांत बुरशी आणतात. त्यापेक्षा फुटक्या मडक्याची खापरी पाण्यात दहा मिनिटे बुडवून, कोरडी पुसून बरणीत झाकणापाशी ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी काढून घ्यावी.

आपल्या वृत्तपत्रातून शोभेच्या वस्तू विकणाऱ्या दुकानदारांना आमची एकच मागणी आहे. आतून वार्निश दिलेला पाइप मांडणीत ठेवायला हरकत नाही, पण तो ओढण्यासाठी नाही असे चिठ्ठी चिकटवून सांगावे. तापलेल्या वार्निशचा धूर माणसाच्या तोंडात जातो, आणि विचारल्यावर ‘सगळे घेतात’ एवढेच उत्तर मिळते, हे बरोबर नाही.

ओढणाऱ्यांनाही एक विनंती. सार्वजनिक जागी पाइपही सिगारेटइतकाच बेकायदा आहे, हे माहीत असेलच. पण माळावर, शेताच्या बांधावर बसून ओढणारे आहेत. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरवणारा वारा वाटीतला विस्तव भट्टीसारखा फुलवतो, तिथे जाळीचे झाकण असल्याशिवाय पाइप पेटवूच नये. आणि फेब्रुवारी ते मे, यवतेश्वर-कासकडचे गवत वाळून कोळ झालेले असताना वाटी बुटावर आपटून झटकायची नाही. वरची राख करडी दिसते, तिच्याखाली तळाचा निखारा दहा-पंधरा मिनिटे जिवंत असतो. वणवा लागायला तेवढा पुरतो. झाकणाची पत्र्याची डबी खिशात ठेवावी, वाटी तिच्यात रिकामी करावी, झाकण लावावे, आणि घरी आल्यावर पाणी घालून मगच ओतावी.

आपले,
पाइप ओढणारे काही वाचक, सातारा